वाटणीतलं इंजिन

"माणिक लोहार कोण?"

"मीच."

म्हातारबुवांनी माझ्या मागं बघितलं. मागं कडुनिंबाचं झाड होतं आणि त्याला बांधलेली म्हैस. आणखी कुणी नव्हतं.

"उद्यमनगरातनं इंजिनवाला माणिक येणार म्हणून फोन होता," ते म्हणाले.

"मीच ती. आबांनी सांगायला पाहिजे होतं."

पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या सोनाक्का, म्हातारबुवांच्या मंडळी. म्हातारबुवा म्हणजे भूपाल चौगुले. तेरदवाडीतले मोठे बागायतदार. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. सत्तरीला आले होते, पण पाठ अजून ताठ होती.

हे त्र्याण्णव सालातलं. जैनांचं दशलक्षण पर्व नुकतंच संपलं होतं आणि कृष्णेचं पाणी पात्रात परतलं होतं. इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून मी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, उद्यमनगरातल्या वर्कशॉपात उभी राहायला लागले त्याला फार काळ झाला नव्हता. इंजिनं उतरवायची, बोअर करायची, पुन्हा उभी करायची, हे आमचं काम. गिऱ्हाईकांना माझी सवय होत होती, पण सावकाश.

आण्णा मला गोठ्यापलीकडच्या छपरात घेऊन गेले. तिथं ताडपत्रीखाली गाडी होती. त्यांनी ताडपत्री घडी घालत घालत काढली. बावन्न सालची डॉज किंग्सवे, गडद हिरवी. चाकं काढून चार दगडी ठोकळ्यांवर ठेवलेली. नाकाडावरचं क्रोम अजून चमकत होतं. एवढी मोठी गाडी मी तोवर जवळून बघितली नव्हती. बॉनेटवर हात ठेवला तर पत्रा गार आणि जाड लागला, ताटासारखा नाही, परातीसारखा.

"डिसेंबरात गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक आहे," आण्णा म्हणाले. "बारा-चौदा वर्षांनी येतो. श्रवणबेळगोळला ह्या गाडीनं जायचंय. इंजिन तेवढं तू बघ."

"काय झालंय इंजिनाला?"

"उघड की. बघ."

मी बॉनेट उचललं. आत इंजिन नव्हतंच. नुसता खड्डा. पुढं रेडिएटर जागच्या जागी, मागं गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यावर टेकवलेला, आणि मधल्या जागेत स्वच्छ झाडलेली मोकळीक.

मी खाली वाकले. भंगारात जाणाऱ्या गाडीतून इंजिन काढतात तेव्हा पाइप करवतीनं कापतात, वायरी तोडतात, चासीचे कंस गॅसनं उडवतात. इथं तसं काहीच नव्हतं. वायरींची टोकं कापडानं गुंडाळलेली. रबरी पाइपांच्या तोंडात लाकडी बुचं. आणि ज्या बोल्टांवर इंजिन बसतं ते बोल्ट काढून झाल्यावर पुन्हा आपापल्या भोकांत घालून ठेवलेले. मी बोटानं एक बोल्ट पुसला. ग्रीस लागलं. मऊ, पिवळं.

"इंजिन कधी काढलं?"

"झाली की पंचवीस वर्षं."

पंचवीस वर्षांचं ग्रीस असं नसतं. ते काळं पडतं, डांबरासारखं घट्ट होतं.

"कुठंय ते?"

"गेलं."

"विकलं?"

"गेलं म्हटलं की," आण्णा म्हणाले आणि ताडपत्री उचलायला वाकले.

परतीच्या एस.टी.त माझ्या डोक्यात तो पिवळा बोल्टच होता.

आबांना हे काम आवडलं नव्हतं. "हौशी गिऱ्हाईक," ते म्हणाले. "डोकं खातं." पण त्यांनी मला मोकळीक दिली, आणि पुढचा महिना मी इंजिनं शोधत फिरले. मला तीन सापडली.

पहिलं जीपचं डिझेल. आमच्याच गल्लीत होतं, चांगलं चाललेलं, भाग कुठंही मिळणारे. कित्येक जुन्या अमेरिकन गाड्या त्या काळी असल्याच इंजिनांवर धावत होत्या. थडथडतात, पण पोचवतात. दुसरं जपानी, मुंबईच्या बंदरात उतरलेलं. हलकं, जोरकस, शिवणयंत्रासारखं गुपचूप चालणारं. आणि तिसरं सांगलीच्या भंगारात मिळालं, फार्गो ट्रकचं. ते बघून मी उडीच मारली, कारण ते डॉजच्याच घराण्यातलं. एका ओळीत सहा सिलिंडर, वरून इस्त्री फिरवल्यासारखं सपाट डोकं. मी टेप लावली आणि हिरमुसले. ट्रकचं ते इंजिन गाडीच्या जागेपेक्षा दोन इंच लांब होतं.

मी तेरदवाडीला जाऊन आण्णांपुढं सगळं मांडलं. ते पडवीतल्या लाकडी कट्ट्यावर बसून लक्ष देऊन ऐकत होते.

"डिझेल बसवायचं तर काय करावं लागंल?"

"चासीचे कंस कापून नवे वेल्ड करायचे. एका दिवसाचं काम."

"चासीला हात लावायचा नाही."

"मग जपानी घेऊ. त्याचा गिअरबॉक्स त्याच्याबरोबर येतो. गाडीचा मधला पत्रा थोडा कापावा लागेल."

"कापायचा नाही."

"ट्रकचं इंजिन गाडीच्याच जातीचं आहे, आण्णा. आवाज पण तोच येईल. नुसता रेडिएटर दोन इंच पुढं सरकवला की झालं. दोन भोकं नवी पाडायची."

ते बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हो म्हणतील.

"भोकं पाडायची नाहीत," ते म्हणाले.

"अहो, मग इंजिन बसणार कसं?"

"ते तू बघायचंस. इंजिनिअर तू हायस."

मी घरी येऊन आबांपुढं आदळआपट केली. आबा लेथवर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "इंजिन पाहिजे म्हणून बोलावतो आणि एक भोक पाडू देत नाही. ह्या माणसाला इंजिन नको असणार."

"मग काय पाहिजे?"

"ते मला काय विचारतीस?"

पुढच्या खेपेला आण्णा मळ्यात गेले होते. सोनाक्कांनी मला ताक दिलं आणि समोर बसल्या. मी सरळ विचारलं, "काकू, गाडीच्या बोल्टांना ग्रीस कोण लावतं?"

"हेच की. दरवर्षी, पाणी ओसरलं की. वायरीवरची फडकी पण बदलतात."

"आणि इंजिन कुठंय?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं. मग हात लांब करून नदीच्या बाजूला बोट दाखवलं.

"पलीकडं. माझ्या दिराकडं. जिनाप्पा भावजींकडं."

सासरे वारल्यावर, अडुसष्ट साली, दोघा भावांची वाटणी झाली, असं त्यांनी सांगितलं. जमिनी, बैल, भांडी, सगळं सुतासारखं सरळ झालं. गाडीपाशी अडलं. दोघंही गाडी सोडायला तयार होईनात. पंच कंटाळले आणि त्यातला एक चिडून म्हणाला, मग एकानं सांगाडा घ्या आणि एकानं इंजिन. त्याला वाटलं दोघं शरमतील. दोघांनी मान डोलावली.

"आणि भावजींनी इंजिनाचं काय केलं?"

"नावेत घातलं."

"नावेत?"

"त्यांचं घर पलीकडं, नदीकाठच्या मळीच्या रानात. दरवर्षी पाणी येतं तिथं. माणसं, जनावरं काढायला नाव लागती. त्या इंजिनानं किती लोकांचे जीव वाचले असतील, त्याला गणती नाही. एका पुरात आमच्या म्हशी पण भावजींनीच काढल्या. मी पण गेले नावेतनं. हे गेले नाहीत. माळ्यावर चढून बसले पाणी उतरंस्तवर." सोनाक्का हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "पण पुराच्या दिवसांत नाव सुरू झाली की हे ह्या पडवीत येऊन बसतात. आवाज येतो नदीवरनं. नाव बंद झाली की उठतात."

मी ताक तसंच ठेवून नदीवर गेले.

होडीवाल्यानं मला पलीकडं सोडलं. मळीच्या चढावर उसाच्या पाल्याच्या छपराखाली लोखंडी पत्र्याची लांब नाव ओढून ठेवली होती. शेजारी एक बारकेला, हसऱ्या डोळ्यांचा म्हातारा बाजेवर बसून दोर वळत होता. तोंडवळा आण्णांचाच, फक्त आण्णांना कुणीतरी अर्धं करून उन्हात वाळवल्यासारखा.

"जिनाप्पाकाका?"

"कोण तू?"

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. डॉजचं नाव निघताच त्यांचा दोर थांबला.

"आण्णानं पाठवलं?"

"त्यांना माहीत पण नाही. माझी मीच आले. इंजिन बघायचं होतं."

"बघून काय करणार?"

"काही नाही. बघायचंय."

हे उत्तर त्यांना पटलं असावं. त्यांनी नावेतलं गोणपाट बाजूला केलं. ते तिथं होतं. गाडीच्या इतकंच जपलेलं, तेलानं काळसर, सपाट डोक्याचं. जिनाप्पाकाकांनी टाकीतलं नदीचं पाणी आत सोडलं, हँडल मारलं, आणि ते दुसऱ्या फेऱ्याला सुरू झालं. मी कितीतरी इंजिनं ऐकली आहेत. हे इंजिन बोलत नव्हतं, गुणगुणत होतं. मी त्याच्या सपाट डोक्यावर हात ठेवला तर नुसती कोवळी थरथर.

पण माझं लक्ष खाली गेलं. नावेत इंजिन बसवायचं तर लोखंडी पट्ट्या घ्यायच्या, इंजिनाचे कान, म्हणजे ते ज्यांवर टेकतं ते बाहेर आलेले भाग, हवे तसे कापायचे आणि बोल्ट मारायचे, ही सोपी रीत. इथं ते सागवानी ओंडक्यांच्या घडवंचीवर बसलं होतं. ओंडके इंजिनाच्या अंगाबरहुकूम कोरले होते, प्रत्येक उंचवट्याला खळगा. मी पोटावर झोपून हात आत घातला आणि चाचपडत गेले. पुढचा कान. मागचे दोन. एकालाही करवत लागलेली नव्हती. नवीन भोक एकही नाही.

"हे कोरायला फार दिवस गेले असतील," मी इंजिनाच्या वरताण ओरडून म्हटलं.

"गेले की."

"कान कापले असते तर दुपारपर्यंत बसलं असतं."

"लाकूड होतं घरात," जिनाप्पाकाका म्हणाले आणि पलीकडच्या काठाकडं बघायला लागले.

मी उठले, कपडे झाडले. "काका, तिकडं गाडीतले बोल्ट आहेत अजून. आपापल्या भोकांत. आण्णा दरवर्षी ग्रीस लावतात."

त्यांनी इंजिन बंद केलं.

"दरसाल?"

"काकूंनी सांगितलं. आणि मला तीन इंजिनं मिळाली, तिन्ही त्यांनी नाकारली. गाडीला भोक पाडू देत नाहीत."

जिनाप्पाकाका नावेच्या काठावर टेकले. मग एकदम व्यवहारी आवाजात म्हणाले, "हे बघ, नाव रिकामी ठेवून मी इंजिन देणार नाही. जूनमध्ये पाणी येणार. वस्तीवर चाळीसएक घरं हायत. आधी नावेला दुसरं बसव. पाण्यात चालवून दाखव. मग हे काढ."

"देणार म्हणता?"

"मागायला त्यानं यायचं. तू नाही."

मी परत आले तेव्हा आण्णा मळ्यातून येऊन हातपाय धूत होते. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला.

"तुला कुणी सांगितलं होतं तिकडं जायला?"

"कुणी नाही."

"मी मागायला जाणार नाही. त्यानं नेलं, त्यानं आणून द्यावं."

"आण्णा, त्यांनी एकही कान कापलेला नाही."

ते तोंड पुसत होते. पंचा तोंडावरच राहिला.

"एकही नाही?"

"एकही नाही. सागवानात खळगे कोरून बसवलंय. आज काढलं तर आज गाडीत बसेल. तुमच्याच बोल्टांवर."

आण्णांनी पंचा दोरीवर टाकला, तो नीट पसरला. खुंटीवरची टोपी घेतली. सोनाक्का दारात आल्या होत्या. त्यांच्याकडं न बघता ते म्हणाले, "जेवण झाकून ठेव. आणि तू ग, होडी गेली का बघ."

पंचवीस वर्षांनी दोन भाऊ भेटणार म्हणून मी होडीत नुसती ताणून बसले होते. कोण रडेल, कोण काय बोलेल, मनात सगळं चित्र काढलं होतं. जिनाप्पाकाका काठावर उभे होते. आण्णा चढ चढून वर आले, थेट नावेपाशी गेले, आणि वाकून इंजिन बघायला लागले.

"ऑइल कुठलं घालतोस?"

"चाळीसचं."

"पातळ घालायचं."

"नावेला चाळीसचंच लागतं."

"कार्बोरेटर बदललास."

"बदलला नाही. साफ केलाय."

"हं."

असं चाललं होतं. प्लग, पाणी, पेट्रोलची टाकी. अर्ध्या तासात दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडं एकदासुद्धा बघितलं नाही. मग आण्णा सरळ झाले आणि म्हणाले, "जिनू, गोमटेश्वराला जायचंय. इंजिन देतोस का?"

"मी पण येणार."

"ये की. कोण नको म्हणालंय?"

एवढंच झालं.

आता पाळी माझी होती. मी ते जीपचं डिझेल इंजिन नावेत बसवलं. जिनाप्पाकाकांनी ते भरल्या नावेनिशी प्रवाहाविरुद्ध चालवून बघितलं, आवाजाला नाक मुरडलं आणि पास केलं. डॉजचं इंजिन उद्यमनगरात आलं, तेव्हा मी ते उघडलं आणि मला घाम फुटला.

त्या इंजिनाच्या पोटात एक लांब पत्र्याची नळी असते. तिला भोकं असतात. त्या भोकांतून गार पाणी प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी पोचतं. ती नळी नदीचं पाणी पिऊन पिऊन गंजून गेली होती. मी पकडीनं ओढली तर चुरा हातात आला. नावेत ते कधी कळलं नसतं, कारण तिथं अख्खी नदी इंजिनाला गार करायला होती. गाडीत मात्र तेच तेच पाणी फिरणार. चढावर मागचे सिलिंडर तापून फुटायला वेळ लागला नसता.

मी दोघांना वर्कशॉपात बोलावून चुरा दाखवला.

"ट्रकचं इंजिन घेतलं तर मी छातीठोक सांगते, जाऊन येईल," मी म्हटलं. "ह्याचं मी तसं सांगू शकत नाही. नवी नळी मिळत नाही कुठं. पितळी पत्र्याची मी बनवीन, भोकं अंदाजानं पाडीन. चालेल असं वाटतं. खात्री नाही."

जिनाप्पाकाकांनी चुरा बोटांत चोळून बघितला.

"तू सांग," आण्णा म्हणाले. "पंच आता तू."

आबा लेथ बंद करून माझ्याकडं बघत होते. ट्रकचं इंजिन निवडणं शहाणपणाचं होतं, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. गिऱ्हाईक सहाशे किलोमीटरवर रस्त्यात अडकलं तर नाव आमचं जाणार होतं. मी ओट्यावरच्या इंजिनाकडं बघितलं. त्याचे तिन्ही कान शाबूत होते. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

"हेच बसवू," मी म्हटलं. "पण मी बरोबर येणार. उष्णतेचा काटा वर चढला की मी सांगीन तिथं थांबायचं."

आबा पुन्हा लेथकडं वळले. दुसऱ्या दिवशी कामाला आले तेव्हा पितळेचा पत्रा घेऊन आले.

इंजिन गाडीत बसलं तेव्हा एकही बोल्ट अडला नाही. सगळे हातानं फिरले.

अभिषेकाचा मुख्य दिवस गर्दीचा, म्हणून तो टाळून आम्ही निघालो. पुढची बैठक एकसंध होती. आण्णा चाकावर, जिनाप्पाकाका डावीकडं आणि मध्ये मी, डोळे पाण्याच्या काट्यावर. सोनाक्कांनी गुडघ्यांमुळं नाही म्हटलं, पण मागची बैठक डब्यांनी भरली. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून रोज दुपार कलली की आम्ही कुठंतरी झाडाखाली थांबत होतो. बेळगाव गेलं, धारवाड गेलं. चित्रदुर्गाच्या अलीकडं एका चढावर काटा लाल रेघेला जाऊन टेकला. मी ओरडले, थांबलो. बॉनेट उघडून तिघं रस्त्याकडेला बसलो. थोड्या वेळानं काटा उतरला, आणि त्यानंतर पुन्हा तेवढा चढला नाही. माझी भोकं बरोबर पडली होती.

त्या अख्ख्या वाटेत आण्णांनी चाक कुणाला दिलं नाही. मी एकदा विचारलं, जिनाप्पाकाकांनी एकदाही विचारलं नाही.

श्रवणबेळगोळ जवळ आलं तेव्हा नारळीच्या बागांवर, टेकडीच्या माथ्याशी, गोमटेश्वराचं मस्तक दिसलं. एवढ्या लांबून नुसतं मस्तक आणि खांदे. आण्णांनी गाडी कडेला घेतली. उतरले. हात जोडले. मग गाडीला वळसा घालून डाव्या दारापाशी आले, दार उघडलं आणि भावाला म्हणाले, "सरक."

जिनाप्पाकाका हलले नाहीत.

"सरक म्हणतोय. आत तू ने."

मी उतरून जागा दिली. जिनाप्पाकाका सरकत चाकामागं गेले. त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले आणि तसेच बसून राहिले. गाडी सुरू करायला त्यांना इतका वेळ लागला की मागून आलेल्या बसनं हॉर्न दिला.

मला काही कळलं नाही. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. जिनाप्पाकाकांना पायऱ्या झेपत नव्हत्या, म्हणून त्यांना डोलीत बसवून आण्णा शेजारून चालत वर गेले होते. तिघं दर्शन घेऊन खाली आलो. आण्णा नारळ घ्यायला गेले तेव्हा मी जिनाप्पाकाकांना विचारलं, "काल आण्णांनी तुम्हाला चाकावर का बसवलं?"

ते पायावरची धूळ झटकत राहिले.

"सदुसष्ट साली पण अभिषेक होता," ते म्हणाले. "वडील अंथरुणाला खिळले होते. अव्वाला यायचं होतं." आईला ते अव्वा म्हणायचे. "तिनं बोचकं बांधलं. पहाटेपासनं कट्ट्यावर बसली. आणि आम्ही दोघं भांडत होतो."

"कशावरनं?"

"गाडी कोण चालवणार त्यावरनं."

त्यांनी दुसऱ्या पायावरची धूळ झटकली.

"किल्ली आण्णाकडं होती. मग मी बॉनेट उघडून आतला एक भाग काढून खिशात घातला. म्हटलं, बघू कशी नेतो. त्यानं किल्ली दिली नाही, मी भाग दिला नाही. तोंडाला तोंड लागलं. उन्हं वर आली. अव्वा उठली, बोचकं सोडलं आणि चुलीकडं गेली. एक शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षी आधी वडील गेले आणि मग ती. पंचांना आम्ही काय सांगणार होतो? गाडी त्यानं घेतली तर मला बघवली नसती, मी घेतली तर त्याला."

आण्णा नारळ घेऊन आले. जिनाप्पाकाका डोळे पुसत म्हणाले, "पाणी हाय का रे आत? नारळ बघून घेतलास का?"

"घेतलाय बघून."

परतीच्या वाटेवर मी मागच्या बैठकीवर रिकाम्या डब्यांशेजारी झोपले होते. हुबळी मागं पडलं असावं. आरडाओरड्यानं मला जाग आली. गाडी रस्त्याकडेला उभी होती आणि दोघं म्हातारे खाली उतरून एकमेकांवर हातवारे करत होते.

"मघाच्या गावापासनं माझी पाळी होती!"

"तुला चढावर गिअर बदलता येत नाही. नाव हाय व्हय ही?"

"तुझ्यापेक्षा जास्त वर्षं हे इंजिन मी चालवलंय!"

ट्रकवाले बघत जात होते. मी दार उघडून बाहेर आले. आबा वर्कशॉपात ज्या आवाजात कामगारांना झापायचे तो आवाज माझ्या तोंडातून निघाला.

"दोघंही मागं बसा."

"अगं, पण—"

"मागं. किल्ली द्या इकडं."

आण्णांनी किल्ली दिली. दोघं मागचं दार उघडून, डबे सरकवून, गुमान आत बसले. मी चाकामागं बसले. एवढी मोठी गाडी आयुष्यात कधी चालवली नव्हती. ती सुरू झाली, रस्त्याला लागली, आणि किती तरी मैल मागून आवाज आला नाही. मला वाटलं झोपले.

मग आण्णांचा आवाज आला, हळू.

"जिनू."

"काय?"

"अव्वानं तेव्हा असं ओरडायला पाहिजे होतं."

जिनाप्पाकाकांनी एक डबा सरकवल्याचा आवाज आला.

"आपण ऐकलं असतं का?"

"आज ऐकलं की," आण्णा म्हणाले.

मी आरशात बघितलं नाही. पुढं बेळगावचा चढ लागला होता, आणि मी गिअर बदलला.